संन्याशाला सुळी

दुपारचे तीन वाजून सात मिनिटे. महापे एमआयडीसीतल्या आमच्या ऑफिसात जेवणानंतरची सुस्ती अजून उतरायची होती, आणि माझ्या लॅपटॉपवरचा माऊसचा बाण जागच्या जागी थिजला. कानात चालू असलेल्या गाण्याचा अर्ध्या सेकंदाचा तुकडा घरघरत पुन्हा पुन्हा वाजू लागला. कोपऱ्यातले घड्याळ ३:०७ वरून हलेना. कंट्रोल-ऑल्ट-डिलीट दाबून पाहिले, उत्तर नाही. शेवटी पॉवरचे बटण दहा सेकंद दाबून धरले तेव्हा कुठे पडदा काळा झाला, आणि सेव्ह न केलेले दीड तासाचे कामही त्याच्याबरोबर गेले.

"तापतोय तो," शेजारच्या टेबलावरचा सहकारी मान वर न करता म्हणाला. घरी आईने लॅपटॉपच्या पाठीला हात लावला, लहान पोराचा ताप बघावा तसा. तिचेही निदान तेच: "केवढा भाजतोय गं हा!" ज्याला विचारावे तो एकाच आरोपीकडे बोट दाखवत होता. मग रीतसर कूलिंग पॅड आणला, दोन पंख्यांचा आणि निळ्या दिव्यांचा. हँग होणे थांबले नाही. आता लॅपटॉप निळ्या उजेडात हँग होऊ लागला, एवढाच फरक.

चोर सोडून संन्याशाला सुळी, असे काहीतरी इथे चालले आहे, अशी शंका मला तेव्हा पहिल्यांदा आली. हा संन्यासी पूर्वाश्रमीचा गुन्हेगार आहे, हे मात्र कबूल करायला हवे. संगणक जेवढी वीज खातो, ती जवळजवळ सगळी शेवटी उष्णता होऊनच बाहेर पडते. चिपमधले अब्जावधी इवले स्विच सेकंदाला अब्जावधी वेळा चालू-बंद होतात आणि दर वेळी विजेचा एक कण तिथेच जिरतो. कामाच्या जोरात असलेला लॅपटॉपचा प्रोसेसर ४५ वॅट वीज घेतो असे धरा. ही चिप अंगठ्याच्या नखाएवढी, म्हणजे दीड चौरस सेंटिमीटरच्या आसपास. दर चौरस सेंटिमीटरला ३० वॅट झाले. स्वयंपाकघरातली २,००० वॅटची इंडक्शन शेगडी वीस सेंटिमीटर व्यासाच्या भांड्याला तापवते तेव्हा हिशेब जेमतेम सहा-साडेसहा वॅटचा येतो. म्हणजे ज्यावर आपण ईमेल टाइप करतो त्याच्या पोटात शेगडीच्या जवळपास पाचपट धग एका नखावर एकवटलेली असते.

ही धग एके काळी अख्ख्या उद्योगाच्या मुळावर आली होती. स्विच लहान करत गेले की ते वेगवानही होतात आणि दर क्षेत्रफळामागे लागणारी वीज मात्र तेवढीच राहते, हे आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांनी १९७४ मध्ये दाखवले होते. तीसेक वर्षे हे गणित चालले. पुढे स्विच इतके बारीक झाले की बंद असतानाही त्यांतून वीज पाझरू लागली, आणि हा पाझर तापमानाबरोबर झपाट्याने वाढतो. तापले की पाझर, पाझर झाला की आणखी ताप. २००१ मध्ये इंटेलच्या पॅट गेल्सिंगर यांनी इशारा दिला की हे असेच चालले तर चिपवरची धग अणुभट्टीच्या पातळीला पोचेल. २००४ मध्ये इंटेलने 'तेजस' हा आपला पुढचा प्रोसेसर बाहेर येण्याआधीच गुंडाळला. नाव तेजस, आणि आड आली आच! त्यानंतर घड्याळाचा वेग वाढवायचा हट्ट सोडून एका चिपवर दोन, चार, आठ मेंदू बसवायची पद्धत रुळली.

मुंबईला तर ही कटकट आणखी जुनी आहे. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये टिफ्रॅक हा संगणक सुरू झाला, त्यात सुमारे २,७०० व्हॅक्यूम ट्यूब होत्या. तशा छोट्या ट्यूबचा नुसता तंतू तापवायला दोनेक वॅट लागतात. म्हणजे बेरीज-वजाबाकीला हात घालायच्या आधीच पाच किलोवॅटची भट्टी पेटलेली, आणि तीही मुंबईच्या हवेत. तेव्हाचा संगणक नुसता तापायचा नाही, तर तापल्याशिवाय चालायचाच नाही.

पण 'तापला की हँग होतो' ही समजूत नेमकी आली कुठून? २००१ चा एक गाजलेला प्रयोग इथे आठवतो. 'टॉम्स हार्डवेअर' या संगणकविषयक प्रकाशनाने चालू संगणकांच्या प्रोसेसरवरचा थंड करणारा ठोकळाच उचलून काढला आणि काय होते ते चित्रित केले. एएमडीच्या त्या वेळच्या ॲथलॉनमधून काही क्षणांत धूर निघाला. इंटेलचा पेंटियम-३ हँग झाला, पण वाचला. पेंटियम-४ मात्र चालत राहिला. पडद्यावरचा खेळ गोगलगाईच्या चालीने सरकू लागला, आणि ठोकळा परत बसवताच पुन्हा धावू लागला. त्या चिपमध्ये स्वतःचा ताप बघणारा तापमापक होता. हद्द आली की ती आपला वेग आपणच कमी करायची.

आजच्या प्रत्येक लॅपटॉपमध्ये ही सोय आहे. चिप साधारण ९५ ते १०० अंश सेल्सिअसला पोचली की घड्याळाचा वेग उतरतो. त्यानेही भागले नाही आणि तापमान आणखी चढले तर मशीन सरळ बंद पडते, पडदा काळा, काही विचारणे नाही. म्हणजे उष्णतेच्या दोन खुणा ठरलेल्या आहेत: आधी रांगणे, मग एकदम झोपणे. माझा लॅपटॉप यांतले काहीच करत नव्हता. तो डोळे उघडे ठेवून गोठत होता. पेंटियम-३ च्या पिढीचा हा समज आपण वीस-पंचवीस वर्षे सांभाळून ठेवला आहे.

तरी संन्याशाची झडती घ्यायची ठरवली, आणि त्या निमित्ताने तळाचे झाकण उघडले. आतमध्ये लक्ष जाते ते एका चपट्या, वाकवलेल्या तांब्याच्या नळीकडे. एक टोक चिपवर, दुसरे पंख्यापाशी. बघणाऱ्याला ती भरीव पट्टी वाटते, पण ती पोकळ असते. तिच्यातली हवा उपसून थोडेसे पाणी घालून ती कायमची बंद केलेली असते. हवेचा दाब नसल्यामुळे हे पाणी शंभर अंशांची वाट बघत बसत नाही, तीस-चाळीस अंशांवरही त्याची वाफ होते. चिपजवळ वाफ झाली की ती पंख्याकडच्या गार टोकाला धावते, तिथे उष्णता सोडून पुन्हा पाणी होते. ते पाणी आतल्या भिंतीवरचा तांब्याच्या भुकटीचा सच्छिद्र थर परत चिपपाशी ओढून आणतो, समईची वात तेल ओढते तसे. ना मोटर, ना पंप. एक ग्रॅम पाण्याची वाफ करायला सुमारे २,३०० ज्यूल लागतात, त्यामुळे ४५ वॅट वाहून न्यायला सेकंदाला ग्रॅमचा पन्नासावा भाग पाणी पुरते. लॉस अलामोसच्या जॉर्ज ग्रोव्हर यांनी १९६३ मध्ये अंतराळयानांसाठी ही नळी घडवली. तिच्यासारख्या एका युक्तीच्या पेटंटसाठी अमेरिकेत १९४२ मध्येच अर्ज झाला होता, पण तेव्हा तिची गरज कुणाला पडली नव्हती.

थोडक्यात, लॅपटॉपलाही घाम येतो. फक्त त्याचा घाम बंद नळीतल्या नळीत फिरतो. म्हणून जूनच्या सुरुवातीला ढग दाटून आले आणि पाऊस मात्र पडत नाही, त्या दिवसांत घणसोली स्टेशनवर उभे राहून आपला जीव कासावीस होतो, पण लॅपटॉपला त्या दमटपणाचे सोयरसुतक नसते. त्याला कळते ते हवेचे तापमान. त्याला खरा जाच करणारा ऋतू म्हणजे मार्च-एप्रिलचे ते दिवस, जेव्हा समुद्रावरचे वारे उशिरा सुटतात आणि पारा ३८-३९ ला टेकतो.

नळीच्या पंख्याकडच्या टोकाला पातळ पात्यांची फणी असते आणि पंखा तिच्यातून हवा ढकलतो. माझ्या लॅपटॉपच्या फणीवर राखाडी रंगाची घट्ट वळकटी बसली होती, नमद्यासारखी. चिमट्याने ओढली तर अख्खी एका तुकड्यात निघाली. महापेत राहणाऱ्याला याचे नवल वाटू नये. एका बाजूला पारसिकचा डोंगर, ज्याला खडीच्या खाणींनी वर्षानुवर्षे कुरतडले. दुसऱ्या बाजूला ठाणे-बेलापूर रस्ता. मध्ये शिळफाट्याकडे जाणाऱ्या ट्रकांची रांग आणि कायम कुठेतरी चालू असलेले बांधकाम. ही भुकटी, कपड्यांचे तंतू आणि पावसाळ्यातली ओल मिळून गोधडी तयार होते, आणि गोधडी जे आपल्याला करते तेच लॅपटॉपला करते: आत हवा कोंडून ठेवते. स्थिर हवा तांब्याच्या मानाने उष्णता पंधरा हजार पटींनी कमी वाहून नेते. (साफ करताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे. ब्लोअरचा झोत सोडला की तो भिंगरीसारखा गरगरतो. बघायला मजा येते, पण त्याचे बेअरिंग त्या वेगासाठी केलेले नसते.)

साफसफाईने पंख्याचा आवाज कमी झाला आणि मला फार शहाणपणा केल्यासारखे वाटले. तिसऱ्या दिवशी पुन्हा हँग.

आता अंदाज पुरे, मोजमाप करायचे ठरवले. यासाठी विकत काही आणावे लागत नाही. एचडब्ल्यूइन्फोसारखी फुकट प्रणाली चिपमधल्या तापमापकाचे आकडे दाखवते, आणि दर दोन सेकंदांनी ते एका फाइलमध्ये उतरवून ठेवायलाही सांगता येते. एकच जड काम, एक मोठा व्हिडिओ रूपांतरित करण्याचे, मी दोनदा केले. ऑफिसात एसीचे २४ अंश होते तेव्हा चिप ७८ वर स्थिरावली. घरी पंख्याखाली ३३ अंश होते तेव्हा ८७ वर. दोन्हीकडे फरक ५४ चाच. हे बिनचूक जमणारे गणित आहे: काम तेवढेच आणि पंखा तेवढाच असेल तर चिप खोलीपेक्षा ठरावीक अंशांनीच गरम राहते. खोली नऊ अंशांनी चढली की चिपही नऊ अंशांनी चढते. संशय उष्णतेवर असेल तर हा प्रयोग सगळ्यांत आधी करावा. एसीत आणि एसीबाहेर हँग होण्याचे प्रमाण तेवढेच राहिले, तर कूलिंग पॅडचे पैसे वाचले म्हणायचे.

मग हँग होण्याची वाट बघत बसले. वाट बघू लागल्यावर तो चार दिवस हँग झाला नाही, हे ओघाने आलेच. पाचव्या दिवशी झाला. परत सुरू करून मी ती फाइल उघडली. शेवटची ओळ, गोठण्याच्या दोन सेकंदांच्या आतली: ६१ अंश. वेग पूर्ण. ना चढ, ना उतार. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्येही तेच. प्रोसेसरचा वेग दाबला गेल्याची नोंद तिथे ३७ क्रमांकाने पडते, ती कुठेच नव्हती. होती ती ४१ क्रमांकाची, जिचा अर्थ एवढाच की मागच्या वेळी मशीन नीट बंद न होताच पुन्हा चालू झाले. ते तर मीच बटण दाबून केले होते. संन्यासी त्या क्षणी दुसऱ्या गावी होता. आकड्यांना एक मर्यादा आहे, तीही सांगून टाकते. हा तापमापक प्रोसेसरचा. एसएसडी किंवा वीजपुरवठ्याचे घटक वेगळे तापू शकतात, त्यांचे आकडे वेगळे बघावे लागतात. माझ्या एसएसडीचा आकडा ४४ होता.

हँग होणे हा एकच आजार नाही, हे दुरुस्तीवाल्यांना पक्के ठाऊक असते. पहिली खूण कॅप्स लॉकची. लॅपटॉप गोठला की ते बटण दाबायचे. दिवा लागला-विझला तर आत कुणीतरी जागे आहे: कारण तो दिवा कीबोर्ड स्वतःहून लावत नाही, विंडोजला विचारून लावतो. दिवा ढिम्म राहिला तर खालपासून वरपर्यंत सगळेच ठप्प. दिवा लागतो पण पडदा गोठलेला, असे असेल तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणे एकदम दाबावीत. त्याने ग्राफिक्सचा ड्रायव्हर नव्याने सुरू होतो, आणि कधी कधी अर्धे काम वाचते. बाण हलतो आहे पण ज्यावर क्लिक करावे ते उघडत नाही, मिनिटभराने सगळे एकदम भडाभडा उघडते, तर बहुधा डिस्क. जुन्या हार्ड डिस्कला एखादा खराब भाग वाचता आला नाही की ती हट्टाने पुन्हा पुन्हा प्रयत्न करते आणि बाकीचे सगळे तिच्या नावाने रांगेत उभे राहतात. क्रिस्टलडिस्कइन्फो पिवळा रंग दाखवत असेल तर दुरुस्ती नंतर, आधी फोटो आणि कागदपत्रे दुसरीकडे हलवा.

एक प्रकार खरोखर धोक्याचा आहे. टचपॅड उचलल्यासारखा वाटतो, क्लिक आपोआप होतात किंवा होतच नाहीत, आणि माणूस म्हणतो लॅपटॉप अडकतोय. खाली बॅटरी फुगलेली असते. तिथे प्रयोग नकोत, चार्जर काढायचा आणि बॅटरी बदलून घ्यायची. चार्जरचीही एक गंमत आहे: काही लॅपटॉप अनोळखी चार्जर लागला की जीव मुठीत धरून चालतात, वेग इतका उतरवतात की साधे कॅलक्युलेटर उघडायला वेळ लागतो. दोष चार्जरचा आणि शिव्या बिचाऱ्या विंडोजला.

माझ्या बाबतीत कॅप्स लॉकचा दिवा मेलेला होता आणि आवाजाचा तुकडा घरघरत होता. हा आवाजही बोलका असतो. साउंडच्या चिपपुढे एक छोटी टोपली ठेवलेली असते, प्रोसेसर तिच्यात पुढचे गाणे भरत राहतो. भरणारा बेशुद्ध पडला तर चिप तीच टोपली पुन्हा पुन्हा उपसते. म्हणजे प्रोसेसरच मधल्या मध्ये अडकला होता. तापलेला नसताना तो असा अडकतो, तेव्हा रॅम तपासणे आले: आठवणीतला एखादा शून्य एक झाला आणि तो नेमका विंडोजच्या गाभ्यातला असला, की पुढचा पाय कुठे टाकायचा तेच त्याला कळत नाही. रात्री मेमटेस्ट८६ लावून झोपले. सकाळी पडद्यावर अकरा लाल ओळी होत्या.

कोपरखैरणेतल्या दुरुस्तीवाल्या दादांना त्या ओळींचा फोटो दाखवला. त्यांनी तो जेमतेम पाहिला. "ताई, रॅम काढून लावू या आधी. नवीन घ्यायची घाई नको." दोन बाजूंच्या चिमट्या सरकवून त्यांनी रॅमची पट्टी उचलली, ड्रॉवरमधून शाळेतला पांढरा खोडरबर काढला आणि पट्टीच्या सोनेरी दातांवरून चार वेळा फिरवला. रबरावर राखाडी रेघ उमटली. फुंकर मारली, पट्टी खटकन बसवली. "बघा आता." घेतले शंभर रुपये.

खोडरबराला जाणकार नाके मुरडतात, आणि ते बरोबरच आहे. दातांवरचा सोन्याचा मुलामा मायक्रॉनभरही जाड नसतो, जोरात घासले तर सोनेच जाते. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसणे अधिक चांगले. पण त्या रात्री मेमटेस्ट पुन्हा लावला, आणि सकाळी लाल ओळ एकही नव्हती. रॅम ठीक होती. बिघाड होता तो तिच्या आणि खाचेच्या स्पर्शात.

आणि इथे तो संन्यासी मागच्या दाराने परत आत येतो. हा लॅपटॉप रोज सकाळी २४ अंशांच्या ऑफिसात, संध्याकाळी ३३ अंशांच्या घरात. चालू असताना पोटात सत्तर अंश, बंद झाला की पुन्हा खाली. दर फेरीला पट्टी आणि खाच वेगवेगळ्या मापाने फुगतात आणि आक्रसतात, दात स्प्रिंगवर काही मायक्रॉन घासले जातात. या घासण्याने मुलामा झिजतो, खालचा धातू उघडा पडतो आणि त्यावर हवा काम सुरू करते. हवा औद्योगिक असेल तर जास्तच. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांची जी यादी केली तिच्यात नवी मुंबई होती. अशा हवेतले गंधकाचे अंश चांदी-तांब्याला काळे पाडतात, देवघरातल्या चांदीच्या भांड्यांना पाडतात तसे. माझ्या दोषाचे मूळ नेमके हेच, असे शपथेवर मी सांगणार नाही, कारण रबराने पुरावाही पुसला गेला. पण मायक्रोसॉफ्टने २०१८ मध्ये स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांजवळ ८६४ सर्व्हर कोरड्या नायट्रोजनच्या टाकीत भरून समुद्रतळाशी ठेवले, आणि २०२० मध्ये वर काढले, तेव्हा त्यांचे बिघडण्याचे प्रमाण जमिनीवरच्या सर्व्हरच्या आठव्या हिश्शाइतकेच निघाले. थंड पाणी तर होतेच, पण संशोधकांनी श्रेय दिले ते नायट्रोजनला आणि माणसांचे हात न लागण्याला: ऑक्सिजन नाही, दमटपणा नाही, धक्के नाहीत.

एसीतून बाहेर पडताना महापेकर आणखी एक चूक सर्रास करतात. पावसाळ्यात २९ अंश आणि ८५ टक्के आर्द्रता असताना दवबिंदू २६ अंशांच्या घरात असतो. २२ अंशांच्या ऑफिसातून बाहेर आल्याबरोबर चष्म्यावर वाफ धरते ती त्यामुळेच. पिशवीतल्या गार लॅपटॉपचेही तेच होते. घरी गेल्यावर अर्धा तास तो पिशवीतच राहू द्यावा, मग उघडावा. 'तापतोय' म्हणून फ्रीजमध्ये ठेवणारे लोकही मी पाहिले आहेत. त्यांच्याविषयी न बोललेले बरे.

आमच्या ऑफिसच्या खिडकीतून एका डेटा सेंटरची भिंत दिसते. महापे, रबाळे, ऐरोलीच्या पट्ट्यात अशा कितीतरी बिनखिडक्यांच्या इमारती आहेत. माझ्या लॅपटॉपमधली नळी, फणी आणि पंखा यांचेच ते अजस्र रूप. आत येणारी हवा १८ ते २७ अंशांत ठेवावी अशी शिफारस आहे, आणि ती पाळायला छतावर यंत्रांची रांग रात्रंदिवस गुरगुरत असते. जुलै २०२२ मध्ये लंडनने पहिल्यांदा ४० अंश पाहिले, तेव्हा तिथल्या गूगल आणि ओरॅकलच्या केंद्रांतली शीतयंत्रणा हार खाऊन बसली आणि यंत्रे खराब होऊ नयेत म्हणून काही सर्व्हर बंद ठेवावे लागले. तिथेही शेवट तोच, झोपणे.

माझा लॅपटॉप चार महिने झाले, एकदाही गोठलेला नाही. लिहिताना मध्येच कॅप्स लॉक दाबून बघायची सवय मात्र लागली आहे. त्यामुळे कधी कधी ऑफिसच्या ईमेलची पहिली ओळ आरडाओरडा केल्यासारखी जाते. कूलिंग पॅड आईने ताब्यात घेतला. पावसात भिजलेले बूट त्याच्यावर पालथे घालते. सकाळपर्यंत वाळतात, निळ्या उजेडात.